मादी ओळीतल्या फुलांना पराग का धरत नाही? पेशीत नेमकं बिघडतं काय?

भुईआवळा
नमस्कार मंडळी. शेतीच्या विभागात टाकावं की विज्ञानाच्या, ते कळेना, शेवटी इथेच टाकतोय.

जालना-बुलढाण्याच्या आमच्या पट्ट्यात बीजोत्पादनाचे प्लॉट पुष्कळ. यंदा आम्ही संकरित कांद्याच्या बियाण्याचा घेतलाय. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. गोंडे फुलायला लागलेत आणि मी सकाळी फुलं उघडून बघत बसतो (घरच्यांच्या मते हे काम नव्हे). मादी ओळीतल्या फुलात सहाच्या सहा पुंकेसर जागेवर आहेत. पण परागकोश बारीक, हिरवट, पारदर्शक. चिमटीत चोळले तरी पूड लागत नाही. शेजारच्या नर ओळीत बोट लगेच भरतं.

प्लॉट बघायला येणाऱ्या सुपरवायझरला विचारलं, तर "मेल स्टेराइल आहे, तसंच असतं". नेटवर शोधलं तर पेशीद्रवीय नरवंध्यत्व असं काहीतरी सापडलं आणि पुढे नुसत्या आकृत्या आणि बाण. मी कॉमर्सचा. त्या परागकोशाच्या आत, पेशीत, असं काय होतं की पराग तयारच होत नाही? आणि मला जास्त छळणारा प्रश्न हा की पेशीतच दोष असेल, तर तो फक्त परागात का दिसतो? पात, दांडा, गोंडा, मध, बी धरायची ताकद, बाकी सगळं ठणठणीत आहे.

कणसातला_किडा
शीर्षक वाचून घाईघाईने आत आलो, निघाला कांदा. आता आलोच आहे तर बसतो.

सूक्ष्मदर्शक
भुईआवळा, घरच्यांकडे दुर्लक्ष करा. फुलं उघडून बघणं हेच काम.

कोवळ्या परागकोशाचा आडवा काप घेतला तर चार कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्याच्या मधोमध परागाच्या मातृपेशी आणि त्यांना खेटून भोवताली एक थर, त्याचं नाव टॅपीटम. मातृपेशीचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार पेशींचं चतुष्क बनतं. हे चौघं कॅलोज नावाच्या वेष्टनात बंद असतात. टॅपीटम योग्य वेळी कॅलोज विरघळवणारं विकर सोडतो, मग चारही सुटे होतात. त्यानंतर त्यांची साखर, मेद, प्रथिनं, शिवाय परागाच्या बाहेरच्या टणक कवचाचा माल, हे सगळं टॅपीटमच पुरवतो. आणि काम झालं की स्वतःला संपवतो. त्याचे अवशेष परागावर लेपासारखे बसतात.

लग्नघरातला आचारी समजा. पंगत उठेपर्यंत थांबायचं आणि मग चूल विझवून मांडव मोकळा करायचा. बहुतेक नरवंध्यत्व म्हणजे या आचाऱ्याचं वेळापत्रक चुकणं. पेटुनियाच्या एका नरवंध्य वाणात कॅलोज विरघळवणारं विकर वेळेआधीच सुटतं, असं इझार आणि फ्रँकेल यांनी १९७१ साली दाखवलं. उघड्यावर पडलेल्या कोवळ्या पेशी मरतात. तुरीच्या एका नरवंध्य प्रकारात उलटं, तिथे चतुष्कातले चौघं एकमेकांपासून सुटतच नाहीत. तिथले परागकोशही पांढुरके, पारदर्शक दिसतात.

चहाबाज
म्हणजे आचारी लवकर पळाला तर पंगत उपाशी. उशिरापर्यंत बसला तर? जेवून जाईल ना बिचारा.

सूक्ष्मदर्शक
चहाबाज, विनोद केलात, पण ते खरंच घडतं. भातात एक उत्परिवर्तन आहे, त्यात टॅपीटम वेळेवर मरत नाही, रेंगाळतो. परिणाम तोच, पराग वाया. त्याचं मरणं हाही कामाचाच भाग आहे.

पपईवाली
आमच्या परसातल्या पपईच्या एका झाडाला नुसत्या लोंबत्या माळा येतात, फळ नाही. ते पण हेच का?

रुजवात
नाही ताई, ते नर झाड आहे, त्याला पराग भरपूर असतो. पपईत नर, मादी आणि द्विलिंगी झाडं वेगवेगळी असतात. इथे चर्चा आहे ती अशा फुलाची ज्यात दोन्ही अवयव आहेत, पण नराचा भाग निकामी आहे.

पपईवाली
मग त्याला तोडू की ठेवू?

कणसातला_किडा
पपईताई, वेगळा धागा काढा, तिथे दोनशे प्रतिसाद नक्की.

आजोळ_मोहोळ
मी नोकरीभर ज्वारी-बाजरीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट तपासले. पेशीतलं मला विचारू नका, रानातलं सांगतो.

ज्वारीत आम्ही चार मादी ओळी, दोन नर ओळी अशी पेरणी घ्यायला लावायचो, आणि भोवताली नराची कड. फुलोऱ्यात भल्या सकाळी रानात शिरायचं. मादी कणसातून एखादं जरी टपोरं पिवळं परागकोशाचं लोंबणं दिसलं की ते झाड मुळासकट बाहेर. त्याला 'शेडर' म्हणायचे. बहुतेक वेळा ती 'बी' ओळीची, म्हणजे नरवंध्य 'ए' ओळ वाढवायला लागणाऱ्या पराग देणाऱ्या जोडओळीची, भेसळ असायची. दिसायला 'ए' आणि 'बी' हुबेहूब सारख्या, फरक फक्त परागाचा. शेतकरी भांडायचे, "साहेब, इतकं चांगलं कणीस उपटताय!"

दुसरी गंमत म्हणजे चिकटा. मादी ओळीतल्या फुलाला वेळेवर पराग मिळाला नाही की त्याचं तोंड बराच वेळ उघडं राहतं आणि अरगटाची बुरशी नेमकी तिथूनच शिरते. कणसातून मधासारखा रस गळतो. नराचा फुलोरा पुढे-मागे झाला आणि हवा ढगाळ असली की मादी ओळी चिकट्याने भरल्याच. नर ओळी शेजारी उभ्या असून बऱ्याच अंशी सुटलेल्या. म्हणजे पराग नसण्याची किंमत झाड अशीही मोजतं.

भुईआवळा, तुमच्याकडे पेट्या ठेवल्यात का? कांद्यात वाऱ्याचा उपयोग नाही, सगळी भिस्त मधमाश्यांवर.

भुईआवळा
काका, पेट्या आहेत. पण मला वाटतंय माश्या नर ओळीत जास्त रमतात. भास असेल का?

आजोळ_मोहोळ
भास नाही. पराग गोळा करणारी माशी मादी ओळीत कशाला जाईल? तिथे फक्त मध. म्हणून मध गोळा करणाऱ्या माश्यांवर आपलं बी. आणि फुलोऱ्यात फवारणी टाळा, निदान माश्या फिरतात त्या वेळेत तरी.

रुजवात
आता माझी पाळी. मी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करते, कांद्यावर नाही, पण शेजारच्या गल्लीतलं आहे.

सूक्ष्मदर्शक सरांनी बिघाड *कुठे* होतो ते सांगितलं. *कोणामुळे* होतो, त्याची दोन घरं आहेत. एक, केंद्रकातलं जनुक बिघडतं. अशी जनुकं पिकागणिक डझनावारी सापडलीत. कुणामुळे टॅपीटम बनतच नाही, कुणामुळे अर्धसूत्री विभाजन अडतं, कुणामुळे परागाचं कवच तयार होत नाही. हे नरवंध्यत्व आई-बाप दोघांकडून येऊ शकतं. याची अडचण अशी की शुद्ध मादी ओळ करताच येत नाही, दर पिढीत मादी ओळीतली निम्मी झाडं सुपीक निघतात आणि ती फुलोऱ्यात ओळखून उपटावी लागतात. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संशोधनातून १९९१ साली तुरीचा आयसीपीएच ८ हा संकर आला, तो या पद्धतीचा होता. वाण चांगला, पण बीजोत्पादन इतकं कटकटीचं की पसरला नाही.

दुसरं घर म्हणजे तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिकांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. वनस्पतींच्या तंतुकणिकांचा डीएनए फार चंचल. तुकडे तुटतात, भलतीकडे जोडले जातात. कधी या जोडतोडीतून एखादं नवंच, ठिगळांचं जनुक तयार होतं, ज्याचा पूर्वी कुणाला पत्ताही नव्हता. त्याचं प्रथिन बनतं, तंतुकणिकेच्या आवरणात जाऊन बसतं, आणि टॅपीटम वेळेआधी मरतो.

ठरलेलं उदाहरण मक्याचं. टेक्सास पेशीद्रव्य. (पेशीद्रव्य म्हणजे केंद्रकाबाहेरचा पेशीचा भाग, तंतुकणिका त्यातच असतात.) त्यातलं जनुक, टी-यूआरएफ१३, मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकाच्या आसपासचे तुकडे जुळून बनलंय. ज्या भागातून कधी प्रथिन बनायचं नव्हतं तिथून ११५ अमिनो आम्लांचं प्रथिन बनायला लागलं. भातात 'वाइल्ड अबॉर्टिव्ह' म्हणून प्रकार आहे. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर संकरित भातावर काम करणारे शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांचे सहकारी ली बिहू यांना रानभाताचं एक नरवंध्य झाड सापडलं, त्याची ही संतती. तिथल्या ठिगळी जनुकाचं प्रथिन तंतुकणिकेतल्या कॉक्स११ नावाच्या प्रथिनाला अडकतं, घातक ऑक्सिजन रेणूंचा भडका उडतो आणि टॅपीटम लवकर आत्महत्या करतो. सूर्यफुलातही टॅपीटमच्या तंतुकणिकांमधून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर गळतं आणि पेशीमरण सुरू होतं. प्राण्यांच्या पेशी स्वतःला संपवतात त्यातही हीच खूण असते.

आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून १९९८ साली आलेला सह्याद्री हा संकरित भात याच हैनानच्या पेशीद्रव्यावर उभा आहे.

शंकासुर
रुजवात, पटत नाही. पराग नसणं म्हणजे झाडाची निम्मी वंशवाढ बंद. असं जनुक निसर्गात टिकेलच कसं? दोन पिढ्यांत साफ व्हायला हवं. हे सगळं प्रयोगशाळेत वाढवलेलं प्रकरण वाटतं.

रुजवात
शंकासुर, निम्मी वंशवाढ *झाडाची* बंद. तंतुकणिकेची नाही! ती परागातून पुढे जातच नाही. तिचा वंश फक्त बियांतून. परागावर जाणारा खर्च वाचून झाडाला थोडं जरी जास्त बी धरलं, तर तंतुकणिकेच्या दृष्टीने फायदाच. डी. लुईस यांनी १९४१ साली हे गणित मांडलं. दोष केंद्रकात असेल तर मादी झाडाला निदान दुप्पट बी धरावं लागतं, तेव्हा तो टिकतो. दोष आईकडूनच येणारा असेल तर किंचित जास्त बीसुद्धा पुरतं.

आणि प्रयोगशाळेचं म्हणाल तर रानटी थाइममध्ये काही झाडं द्विलिंगी, काही नुसती मादी, हे डार्विननेच १८७७ साली लिहून ठेवलंय. मादी झाडांना बी जास्त धरतं, हेही त्याने मोजलं होतं.

शंकासुर
बरं. मग सगळीच झाडं मादी होऊन जात का नाही? पराग कोण पुरवणार?

रुजवात
तिथे केंद्रक उलट वार करतं. त्याला पराग हवाच आहे, त्याचा निम्मा वंश त्यातून जातो. म्हणून केंद्रकात 'पुनःस्थापक' जनुकं तयार होतात. त्यातली बरीचशी अशी प्रथिनं बनवतात जी तंतुकणिकेत जाऊन त्या ठिगळी जनुकाचा आरएनए कापतात नाहीतर गप्प बसवतात. घेवड्यात तर एक जनुक असं आहे की त्याच्यामुळे ठिगळी डीएनएचा तुकडाच नाहीसा होतो. मग तंतुकणिकेत नवं ठिगळ, केंद्रकात नवा उतारा, असं चालूच राहतं. कितीतरी वेळा हे जनुक झाडात असतंच, पण उतारा सोबत असल्यामुळे दिसत नाही. दूरच्या वाणाशी किंवा रानटी भाईबंदाशी संकर केला की उतारा मागे राहतो आणि दोष अचानक उघडा पडतो. ज्वारीत स्टीफन्स आणि हॉलंड यांना १९५४ साली तो असाच सापडला, मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचं केंद्रक आलं तेव्हा.

कणसातला_किडा
थोडक्यात पेशीच्या आत सासर-माहेरचा दावा चालू आहे आणि तारीख पे तारीख.

आजोळ_मोहोळ
वा रुजवात, आयुष्यभर 'ए, बी, आर' ओळी म्हणत आलो, आज कळलं 'आर' ओळ काय घेऊन येते ते! ए म्हणजे नरवंध्य. बी म्हणजे तेच केंद्रक, पण चांगलं पेशीद्रव्य, ए वाढवत ठेवायला. आर म्हणजे उतारा असलेला नर, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतातल्या संकरित झाडाला पुन्हा पराग येतो आणि दाणा भरतो. १९६४ सालची सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी अशीच निघाली.

गावठी_बियाणे
इतका वेळ गप्प वाचत होतो. सगळं हुशारीचं आहे, पण रोग पेरताय हे लक्षात येतंय का? सगळ्या शेतात एकच आजारी पेशीद्रव्य. आमच्या घरच्या बियाण्याला हा शाप नव्हता. मक्याचं अमेरिकेत काय झालं ते वाचा. आणि आपल्याकडे संकरित बाजरी गोसावी रोगाने कशी बसली ते जुन्या माणसांना विचारा.

इलिनॉयची_माया
अमेरिकेतल्या मक्याचं मी सांगते, आमच्याच भागातली गोष्ट आहे.

टेक्सास पेशीद्रव्य येण्याआधी इथे बियाण्याच्या मक्याचे तुरे, म्हणजे नर फुलोरे, हाताने काढत. उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी पोरं बसमध्ये भरून शेतात नेत, ओळीने चालत तुरे खुडायचे. मग पराग नसलेला मका मिळाला आणि कंपन्यांनी ते काम जवळजवळ सोडूनच दिलं. १९७० पर्यंत देशातला सुमारे ८५ टक्के मका या एकाच पेशीद्रव्याचा झाला. त्या वर्षी पानांवर करपा पडणाऱ्या बुरशीचा 'टी' प्रकार दक्षिणेतून वर सरकत आला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. फिलिपिन्समधल्या शास्त्रज्ञांनी हे पेशीद्रव्य त्या रोगाला बळी पडतं असं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच छापलं होतं. इकडे कुणी मनावर घेतलं नाही.

पुढच्या हंगामांत पोरं परत शेतात. अजूनही जातात. इथल्या कितीतरी जणांची पहिली कमाई तीच, आमच्या मुलाचीही. पहाटे दव, दुपारी मक्याच्या पानांनी कापलेले हात, आणि घरी आल्यावर झोपलेला पोरगा.

रुजवात
मायाताई, यातली पेशीची बाजू जोडते, कारण ती विलक्षण आहे. त्या बुरशीचं विष बरोबर त्याच ठिगळी प्रथिनाला, यूआरएफ१३ ला, जाऊन चिकटतं. चिकटलं की तंतुकणिकेच्या आवरणाला भोकं पडतात. हे जनुक साध्या ई. कोलाय जिवाणूत घातलं तर तो जिवाणूही त्या विषाने मरायला लागतो. म्हणजे नरवंध्यत्व आणि रोगाला बळी पडणं ही दोन्ही एकाच प्रथिनाची कामं. वेगळी काढायची सोय नव्हती.

आजोळ_मोहोळ
गावठी_बियाणे, मक्याचं तुमचं खरं. बाजरीचं नाही, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

अमेरिकेत जॉर्जियामधल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी टिफ्ट २३ए ही नरवंध्य बाजरी काढली. तिच्यावर १९६५ साली लुधियान्याहून एचबी-१ आली, मग एचबी-३. पीक डोळ्यात मावायचं नाही. सत्तरच्या दशकात गोसावी असा आला की कणसांच्या जागी पानांचे झुबके. तेव्हा सगळ्यांनी हेच म्हटलं, की पेशीद्रव्यच बाधलं, मक्यासारखं. पण पुढे काय झालं? त्याच टिफ्टच्या वंशावर गॅमा किरणांचा मारा करून इक्रिसॅटने ८१ए ही ओळ काढली. पेशीद्रव्य तेच, गोसावीला मात्र टिकणारी. तिच्यावरचा आयसीएमएच ४५१ हा संकर १९८६ साली आला आणि चांगला चालला. दोष पेशीद्रव्याचा असता तर हे झालंच नसतं. बळी पडणारं होतं ते टिफ्टचं केंद्रक, आणि मैलोगणती एकच वाण पेरण्याची आपली हौस.

गावठी_बियाणे
काका, एकसारखेपणाचा धोका तर तुम्हीही कबूल करताय. आणि दुसरं, संकरित कांद्याचे डोंगळे ठेवून मी घरी उळे धरायला गेलो तर गोंडे मोकळेच. ते कसं? तुमचा उतारा कुठे गेला?

सूक्ष्मदर्शक
याचं उत्तर सरळ आहे. ज्वारीत, भातात आपल्याला दाणा हवा, म्हणून उतारा घालावाच लागतो. कांद्यात आपण खातो तो कांदा, बी नाही. त्यामुळे पुनःस्थापक जनुक घालायची कुणाला गरजच नाही. बाजारातल्या संकरित कांद्याचं झाड बऱ्याचदा स्वतःच नरवंध्य असतं. जवळ पराग देणारा दुसरा कांदा नसेल तर गोंडे मोकळेच राहणार. आणि असला तरी येणारं बी संकरित राहणार नाही.

कांद्याचा इतिहासही सांगून टाकतो, धागा कांद्याचाच आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला 'इटालियन रेड' जातीत हेन्री जोन्स यांना एक झाड दिसलं, १३-५३ नंबरचं. त्याला बी धरत नव्हतं, पण गोंड्यातच छोट्या कांदोळ्या यायच्या. त्या लावून लावून त्यांनी ते एक झाड जिवंत ठेवलं. १९४३ साली जोन्स आणि क्लार्क यांनी दोष पेशीद्रव्यात आहे हे सिद्ध केलं. भुईआवळा, तुमच्या मादी ओळीत बहुधा त्याच झाडाच्या तंतुकणिका आहेत. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे अर्का कीर्तिमान, अर्का लालिमा हे संकरही पेशीद्रवीय नरवंध्यत्वावरचेच.

चहाबाज
आणि आपण कांद्याच्या भावाशिवाय दुसरं बोलत नाही.

पानोपानी
मिरचीचंही असंच. पीटरसन यांनी १९५८ साली अमेरिकेत नरवंध्य मिरची नोंदवली, ते वाण मुळात भारतातून गेलेलं होतं. आता देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या कळ्या चिमट्याने सोलत बसलेल्या बायका बघते तेव्हा वाटतं, हे आपल्याकडचंच धन फिरून का येईना लवकर.

गावठी_बियाणे
आणि त्या बायकांचा रोजगार?

पानोपानी
पुंकेसर काढायचा रोजगार जाईल, पराग लावायचा राहील. पण हो, निम्मा तरी जाईल. ते नाकारत नाही.

वाटाड्या
थोडं विषयांतर. पराग तयार असतो, पण परागकोश फुटतच नाही, असंही ऐकलंय. ते यात धरायचं का?

रुजवात
धरतात. टोमॅटोत असे प्रकार आहेत, वांग्यातही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या झाडात तर जॅस्मोनिक आम्ल बनलं नाही की परागकोश फुटत नाहीत. बाहेरून त्या आम्लाचा फवारा दिला की फुटतात. याच कुळातला मिथाइल जॅस्मोनेट हा रेणू पहिल्यांदा चमेलीच्या तेलात सापडला, १९६२ साली.

आणि हवामानानेही वंध्यत्व चालू-बंद होतं. चीनमध्ये शी मिंगसाँग यांना १९७३ साली सापडलेला भात मोठ्या दिवसात नरवंध्य आणि लहान दिवसात सुपीक असतो. दुसरा प्रकार साधारण २४ अंशांच्या वर वंध्य. एकच झाड एका हंगामात ए ओळ, दुसऱ्या हंगामात स्वतःचं बी देणारं. बी ओळीची गरजच नाही.

नुसताच_वाचक
सगळं वाचलं, मजा आली, पण भुईआवळा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. तंतुकणिका तर मुळापासून पानापर्यंत सगळीकडे त्याच. ठिगळी जनुक सगळीकडे. मग पात का मरत नाही?

भुईआवळा
धन्यवाद! मी लाजेने परत विचारत नव्हतो.

सूक्ष्मदर्शक
माझ्या मते याचं सगळ्यात जुनं आणि अजूनही पटणारं उत्तर वॉर्मके आणि ली यांच्या १९७८ च्या मोजणीत आहे. त्यांनी मक्याच्या कोवळ्या परागकोशातल्या तंतुकणिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. पराग घडत असताना टॅपीटमच्या एकेका पेशीतल्या तंतुकणिकांची संख्या सुमारे ४० पट वाढते. परागाच्या मातृपेशींत सुमारे २० पट. झाडात इतरत्र इतकी मोठी मागणी क्वचितच येते. पानाची पेशी किंचित अधू तंतुकणिकांवर आरामात जगते, तिला मार्जिन आहे. टॅपीटमला ते नाही. नरवंध्य मक्यात नेमक्या याच टप्प्याला टॅपीटमच्या तंतुकणिका फुगून बिघडताना दिसतात.

रुजवात
सर, हे बरोबर, पण अपुरं आहे. नुसती ऊर्जा कमी पडते म्हणावं तर भातात ते प्रथिन टॅपीटममध्येच आणि ठरावीक काळातच जास्त साचतं. जनुक सगळीकडे असूनही प्रथिन सगळीकडे तितकं दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे टॅपीटम मुळात मरायच्याच तयारीतला थर आहे. त्याच्याकडे मरणाचा कार्यक्रम आधीच लिहिलेला असतो, तंतुकणिकेतून चुकीचा इशारा गेला की तो लवकर सुरू होतो. पानाच्या कोवळ्या पेशीत तो कार्यक्रम त्या वेळी चालू व्हायच्या बेतात नसतो. मला ऊर्जेच्या तुटवड्यापेक्षा या चुकीच्या इशाऱ्याची बाजू जास्त भक्कम वाटते.

सूक्ष्मदर्शक
मका आणि भात यांचं कारण एकच असेल असं तरी कशाला धरायचं? ठिगळं वेगळी, प्रथिनं वेगळी. मक्याच्या दोन उताऱ्यांपैकी एक तर आरएनए कापणारा नाहीच, तो अल्डिहाइड साफ करणारं विकर बनवतो. म्हणजे तिथे चयापचयाचा प्रश्न आहेच की.

रुजवात
हा मुद्दा मान्य. आरएफ२, म्हणजे तुम्ही म्हणता तो विकरवाला उतारा, मला नेहमीच अडचणीत आणतो.

कणसातला_किडा
मॅच ड्रॉ. दोघांनाही कांदाभजी.

भुईआवळा
दोघांचेही आभार. आता कळलं तसं: झाडभर तोच दोष आहे, पण परागकोशातला एक थर इतका ताणाखाली असतो आणि मरणाच्या इतका काठावर असतो, की दोष तिथेच बाहेर पडतो. बरोबर ना?

आता शेवटचं. काका म्हणाले तसा शेडर कांद्यात कसा ओळखू? काही गोंडे मला संशयास्पद वाटतायत. आणि घरी तपासायची काही सोय?

आजोळ_मोहोळ
बरोबर समजलात. कांद्यात सकाळी ऊन चढल्यावर बघा, दव असताना पूड चिकटून राहते आणि कळत नाही. गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, म्हणून एकदा बघून सोडू नका, फुलोरा संपेपर्यंत फेरी हवी. काळं कापड किंवा तळहात गोंड्याखाली धरून टिचकी मारा. पूड पडली की दांडा तिथेच मोडून पिशवीत घाला, रानात टाकू नका, माश्या तिथूनही पराग नेतात. पण आधी हे बघा की शेजारच्या नर गोंड्यावरचा पराग माशीने आणून तर टाकलेला नाही. नुकतं उमलणारं, माशी न बसलेलं फूल उघडून आतला परागकोशच बघायचा.

रुजवात
जवळच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आणि ॲसिटोकार्मिन (पराग रंगवायचं द्रावण) मिळालं तर परागकोश काचपट्टीवर चुरडून एक थेंब टाका. सुपीक पराग लालसर, भरीव दिसतात. वंध्य असतील तर रिकामी, सुरकुतलेली टरफलं, नाहीतर काहीच नाही. आयोडीन वापरू नका. ते भाताला, ज्वारीला छान चालतं, कारण त्यांच्या परागात स्टार्च असतो. कांद्यात त्यावर विसंबता येत नाही.

भुईआवळा
कॉलेजातल्या सरांशी बोललो, सोमवारी या म्हणाले. फोटो टाकतो.

पपईवाली
मंडळी, ते नर झाड ठेवू की तोडू, कुणीच सांगितलं नाही.

आजोळ_मोहोळ
शेजारी मादी झाडं असतील तर एक ठेवा, ताई. नसतील तर तोडा.